सेलेस्ट: सातव्या प्रकरणात बाराव्या झेंड्यावर अडकलेय. असिस्ट मोड लावू का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेले दीड-दोन महिने रात्री मुलं झोपली की मी एकच गेम खेळतेय. सेलेस्ट. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांना आधी थोडं सांगते, मग माझ्या अडचणीकडे येते.

मॅडलिन नावाची मुलगी कॅनडातल्या सेलेस्ट नावाच्या डोंगरावर चढायला निघते. एवढीच गोष्ट. चित्रं जुन्या टीव्ही गेमसारखी, ठोकळ्याठोकळ्यांची. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी २०१५ मध्ये चार दिवसांत पिको-८ वर (छोटे, जुन्या धाटणीचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) याचं छोटं रूप केलं होतं. तेच वाढवत नेऊन २०१८ च्या जानेवारीत पूर्ण गेम आला. करायच्या गोष्टी तीनच: उडी मारायची, भिंत धरून चढायचं आणि हवेत एकदा, आठांपैकी कुठल्याही एका दिशेला झेप घ्यायची. ही झेप म्हणजे डॅश. डॅश वापरला की मॅडलिनचे लाल केस निळे होतात, पाय जमिनीला टेकले की परत लाल. पाच मिनिटांत सगळं शिकून होतं, आणि पुढचे कित्येक तास याच तीन गोष्टी करत आपण काट्यांवर पडत राहतो.

लहानपणी मी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम खेळलेय. सांगलीला आजोळी मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावाकडे सेट असायचा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत लावायची. मारिओत तीन जीव, ते संपले की पहिल्यापासून. सेव्ह वगैरे काही नव्हतं. एकदा मी आठव्या वर्ल्डला पोचले आणि वीज गेली. त्या रात्री मी जेवले नव्हते, आणि मामी ताट घेऊन गच्चीवर आली होती ते अजून आठवतं.

सेलेस्टमध्ये मरण वेगळं आहे. मेलात की एका सेकंदाच्या आत त्याच स्क्रीनच्या तोंडाशी परत उभ्या. 'गेम ओव्हर' अशी पाटी नाही, जीव मोजायचे नाहीत. संगीतसुद्धा तुटत नाही, लीना रेनने दिलेली धून तशीच पुढे चालू राहते, जणू काही झालंच नाही. मोजली जातात ती मरणं. मध्येच एक पोस्टकार्ड येतं, त्यात लिहिलेलं असतं की या आकड्याचा अभिमान बाळग, जितकी मरतेस तितकी शिकतेस. माझा आकडा आज ३,४१२ आहे आणि मला खरंच अभिमान आहे.

चौथ्या प्रकरणातलं एक दृश्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. केबल कार मध्येच अडकते, मॅडलिनला धाप लागते, आजूबाजूचं सगळं काळं होत जातं. सोबतचा थिओ तिला म्हणतो, डोळ्यांसमोर एक पीस आण, तुझ्या श्वासावर ते वरखाली होतंय असं समज. मग पडद्यावर पीस येतं आणि आपण बटण दाबत-सोडत ते चौकटीत ठेवायचं. मला मधली काही वर्षं लिफ्टमध्ये असाच त्रास व्हायचा. त्या रात्री पीस चौकटीत ठेवताना माझाच श्वास हळूहळू लांब होत गेला, आणि ते संपल्यावर मी लॅपटॉप बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. गेममधून असं काही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

आता अडचण. (पुढे स्पॉयलर आहेत.) सहाव्या प्रकरणात मॅडलिन डोंगराच्या तळाला कोसळते, स्वतःच्याच दुसऱ्या रूपाशी झगडते आणि शेवटी दोघी एक होतात. त्यानंतर हवेत एकाऐवजी दोन डॅश मिळतात. सातव्यात तळापासून शिखरापर्यंत पुन्हा चढायचं. वाटेत आधीच्या प्रत्येक प्रकरणाची झलक येते: ते ओसाड शहर, ते हॉटेल, तो वारा. तीन हजार मीटरनंतरच्या शेवटच्या टप्प्यात वाटेत झेंडे लागतात, ३० पासून उलटे मोजत.

मी १२ वर अडकलेय. चार रात्री झाल्या. अरुंद उभी जागा, दोन्ही बाजूंना काटे. स्प्रिंगवरून वर उडायचं, हवेतला हिरवा स्फटिक घ्यायचा म्हणजे डॅश भरून येतात, मग उजवीकडे वर तिरका डॅश आणि समोरची भिंत धरून माथ्यावर. तिरक्या डॅशला दर वेळी मॅडलिन सरळ उजवीकडे जाते आणि काट्यांवर आपटते. चुकून जमलाच तर भिंतीवर ती लाल लुकलुकायला लागते आणि हात सुटतो.

गेममध्ये असिस्ट मोड आहे. वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, चढायचा दम अमर्याद करता येतो, हवेत हवे तितके डॅश घेता येतात, मरणच बंद करता येतं. मामेभाऊ म्हणतो, तो लावलास तर शिखर गाठलं असं म्हणू नकोस. मला कळत नाहीये. तुम्ही काय केलंत?

---

कातळकडा

रानजाई, आधी अभिनंदन. बाराव्या झेंड्यापर्यंत आलात म्हणजे गेम तुम्हाला येतो. हा हाताचा प्रश्न आहे, कुवतीचा नाही.

पहिलं, तुम्ही कंट्रोलरची काठी वापरताय की चार बाणांचं बटण? काठी असेल तर आजच सोडा. काठीने तिरकी दिशा देताना अंगठा जरा जरी घसरला की सरळ दिशा लागते. बाणांच्या बटणावर वर आणि उजवं दोन्ही दाबल्याचं बोटाला कळतं. मीही पाचव्या प्रकरणापर्यंत काठीने खेळलो आणि मग बदललं. दोन दिवस सगळं उलटंपालटं झालं, तिसऱ्या दिवसापासून तिरके डॅश चुकायचे थांबले.

दुसरं, लाल लुकलुकणं म्हणजे दम संपत आलाय. तुम्ही पकडायचं बटण फार आधीपासून दाबून ठेवता का?

---

रानजाई

काठीच वापरतेय. आणि हो, पकडायचं बटण मी जवळजवळ सोडतच नाही, भीतीने दाबून धरलेलं असतं. ते चूक आहे का?

---

बिंदुसरा

चूक नाही, पण महाग आहे. नेमकं किती महाग ते सांगतो, कारण यात थोडा वेळ घातलाय. मी गेम बनवत नाही, पण कोड लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे. मॅडलिनच्या हालचालींचा कोड बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. एकच फाइल, पाच हजारांहून जास्त ओळी. दोन रविवार वाचत बसलो होतो, आणि वाचताना या लोकांबद्दलचा आदर वाढत गेला.

दमाचा हिशोब असा. मॅडलिनकडे ११० एकक दम असतो. भिंतीला नुसतं लटकून राहिलात तर सेकंदाला १० खर्च होतात, म्हणजे ११ सेकंद मिळतात. वर चढलात तर सेकंदाला ४५ च्या वर, म्हणजे अडीच सेकंदही नाहीत. भिंत धरून वरच्या वर उडी मारलीत तर एका उडीला साडेसत्तावीस, म्हणजे चार उड्यांत सगळं संपलं. दम २० च्या खाली गेला की ती लुकलुकते. पण भिंत न पकडता तिच्यावरून उलट दिशेला उडी मारलीत तर दमाचा खर्च शून्य. तुमच्या बाराव्या झेंड्याच्या भिंतीवर चढू नका. भिंतीला पोचल्यावर लगेच एक उडी, पुन्हा भिंत, पुन्हा उडी. पकडायचं बटण अगदी शेवटच्या क्षणाला.

आता तिरका डॅश. कातळकडा म्हणतात ते बरोबर आहेच, पण एक बारीक गोष्ट आहे जी मला कोड वाचेपर्यंत कळली नव्हती. डॅशचं बटण दाबल्यावर गेम ०.०५ सेकंद पूर्ण थबकतो. तो हलका झटका जाणवतो ना, तोच. आणि दिशा वाचली जाते ती हा थांबा संपल्यावर! पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं म्हणजे फ्रेम येतात, त्या हिशोबाने तीन फ्रेम. हे खेळणाऱ्याच्या भल्यासाठी आहे, बटण आधी दाबलं गेलं तरी दिशा सावरायला सवड मिळते. तुमच्या बाबतीत बहुतेक उलटं होतंय. बटण दाबलं की तुमचा अंगठा 'वर'वरून लवकर निघतो. थांबा संपेपर्यंत गेमला फक्त 'उजवं' दिसतं. म्हणून सरळ काट्यांवर. डॅश सुरू झालेला डोळ्याला दिसेपर्यंत तिरकी दिशा सोडू नका.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की बाहेरून हा गेम निर्दय वाटतो आणि आत जागोजागी खेळणाऱ्याला सांभाळून घेतलंय. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत उडी मान्य होते. याला 'कायोटी टाइम' म्हणतात. रोडरनरच्या कार्टूनमधला तो कायोटी कड्याच्या बाहेर धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून. जमिनीला टेकायच्या किंचित आधी उडीचं बटण दाबलंत तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडी देतो. उडीच्या अगदी माथ्यावर बटण धरून ठेवलं तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणून तिथे विचार करायला क्षणभर मिळतो. वर जाताना डोकं कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत अडलं तर गेम मॅडलिनला हळूच बाजूला सरकवतो. आणि काटे! तुम्ही काट्यांपासून दूर जाताना त्यांना लागलात तर मरत नाही. काट्याच्या दिशेने गेलात तरच.

यातलं काहीच गेम बोलून दाखवत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, थोडक्यात बचावलो, काय हात बसलाय माझा. मला हे फार सुंदर वाटतं. शिक्षक पेपर कठीण काढतो, पण तपासताना अर्धा मार्क जिथे देता येईल तिथे देतो, तसं काहीसं.

असिस्ट मोडबद्दल: लावा की. ज्यांनी एवढा सांभाळ आत लपवून ठेवलाय त्यांनीच तो मोडही दिलाय.

---

ओढ्याकाठी

बिंदुसरा, काय प्रतिसाद लिहिलाय! काट्यांचं माहीतच नव्हतं. आता कळलं की काही वेळा मी का वाचलो.

मी प्रस्तरारोहण करतो. कातळावर पुढच्या हाताचे स्नायू भरून येतात, दगडासारखे होतात, आणि मग साधी खाचही धरवत नाही. आम्ही म्हणतो, हात पंप झाले. ते टाळायला शिकवतात की घट्ट धरू नकोस, लागेल तेवढंच धर आणि पायांवर ये. नवीन माणूस भीतीने करकचून धरतो आणि म्हणूनच पडतो. रानजाईंनी 'भीतीने दाबून धरलेलं असतं' लिहिलं ते वाचून तेच आठवलं. गेम बनवणाऱ्यांनी दम संपणं ठेवलंय ते फार खरं आहे.

---

जुनापुराणा

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

कठीण गेमचा अर्थच असा की हरल्यावर काहीतरी गमवावं लागतं. १९८५ चा घोस्ट्स अँड गॉब्लिन्स आठवा. एकदा पूर्ण केला की तो पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावतो, दुसऱ्यांदा संपवलात तरच खरा शेवट दिसतो. निंजा गायडनमध्ये कड्यावर उभं असताना पक्षी येऊन धडकायचा आणि थेट खड्ड्यात. त्या काळी शेवटाला पोचलेला मुलगा गल्लीत ओळखला जायचा. सेलेस्टमध्ये मेलो तर एक स्क्रीन मागे, आणि वर मरण बंद करायचं बटणही. मग शिखराला किंमत काय राहिली? गेम चांगला आहे हे मान्य, संगीत तर अप्रतिमच. पण असिस्ट मोडने गाठलेलं शिखर मी माझ्यापुरतं तरी मोजणार नाही. रानजाई, तुम्ही चार रात्री झगडलाय. पाचवी रात्र द्या.

---

ओंजळ

जुनापुराणा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितेय, पण यावर गप्प बसवत नाही.

मला दोन्ही मनगटांना कार्पल टनेल आहे. उजव्याचं ऑपरेशन झालंय. पकडायचं बटण सलग दाबून धरणं मला शक्यच नाही, दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. मी सेलेस्ट असिस्ट मोडवर पूर्ण केला. वेग ८० टक्के, दम अमर्याद. मरण बंद केलं नाही, ते मला नको होतं. माझी १,९०० च्या वर मरणं झाली. प्रत्येक स्क्रीन मी स्वतः सोडवला. कुठे उडी, कुठे डॅश, कुठला स्फटिक आधी, हे माझ्या डोक्याने शोधलं. हात फक्त तेवढ्या वेगाने चालत नव्हते.

तुम्ही म्हणता गमवावं लागलं पाहिजे. मला दर अर्ध्या तासाने थांबून बर्फाची पिशवी घ्यावी लागायची. ते गमावणं नव्हतं का?

सुरुवातीला हा मोड लावताना जी सूचना यायची तिचा सूर थोडा असा होता की गेमचा अनुभव कठीणपणातच आहे. लोकांनी मनापासून सांगितल्यावर बनवणाऱ्यांनी २०१९ मध्ये ते शब्द बदलले. मला त्या बदलाचं खूप मोल वाटतं. पुढे पकडायचं बटण धरून ठेवण्याऐवजी एकदा दाबलं की पकड, परत दाबलं की सोड, असा पर्यायही सेटिंगमध्ये आला. तो आल्यावर मी पहिलं प्रकरण असिस्ट न लावता खेळले. रडले होते तेव्हा.

रानजाई, तुझ्या हातांना त्रास नसेल तर आधी वरचे सल्ले वापरून बघ. पण मोड लावलास तर कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. भावालाही नाही.

---

जुनापुराणा

ओंजळ, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फक्त माझ्यासारख्या धडधाकट हातांचा विचार करून लिहिलं. तुमचं शिखर मी मोजतो, पूर्ण मोजतो. वरचं वाक्य मागे घेतो.

जुन्या गेमबद्दल मात्र अजून माझं म्हणणं आहे, पण ते मोडबद्दल नाही, हरण्याच्या किमतीबद्दल आहे.

---

बिंदुसरा

जुनापुराणा, त्या किमतीमागे त्या काळची कारणं होती हेही बघायला हवं. नाणं टाकून खेळायच्या मशिनवर गिऱ्हाईक लवकर हरलं तरच पुढचं नाणं पडायचं. घरच्या कॅसेटमध्ये जागाच नव्हती. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० किलोबाइटचा. आज फोनवर आलेला एक फॉरवर्डेड फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत बसवलेला गेम मुलांना महिनाभर पुरवायचा तर पुन्हा पहिल्यापासून पाठवणं हा एक सोपा मार्ग होता. त्यातून आपल्याला चिकाटी लागली हे खरंच, मीही त्यातलाच. पण मारिओच्या आठव्या वर्ल्डची एक उडी शिकायला आधीचं सगळं पुन्हा खेळायला लागायचं. उडीचा सराव दहा सेकंदांचा आणि तिथवर पोचायला अर्धा तास. सेलेस्टने तो अर्धा तास काढून टाकला आणि ती दहा सेकंदं पूर्वीच्या कुठल्याही गेमपेक्षा अवघड केली.

हा मार्ग त्यांनी एकट्यांनी काढला असंही नाही. २०१० च्या सुपर मीट बॉयमध्येही मेलं की क्षणात परत सुरुवात होती. तिथे स्क्रीन पार केला की तुमचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी धावताना दाखवायचे, चाळीस-पन्नास मीट बॉय एकदम निघतात, एकेक गळत जातो आणि शेवटी एकच पोचतो. मला ते बघायला मिळावं म्हणून स्क्रीन संपवावासा वाटायचा.

आणि हरण्याची किंमत हवीच असेल तर सोनेरी स्ट्रॉबेरी आहेत. प्रकरणाच्या सुरुवातीला उचलायची आणि एकदाही न मरता शेवटपर्यंत न्यायची. मेलात की पहिल्या स्क्रीनवर. तुमच्यासाठीच केल्यासारख्या आहेत.

---

जुनापुराणा

सोनेरी स्ट्रॉबेरी माहीत नव्हत्या. आज रात्री बघतो.

---

लेकीचा_बाबा

आमच्याकडे मी आणि नऊ वर्षांची मुलगी मिळून खेळतो. गेम मराठीत नाही, त्यामुळे संवाद मी वाचतो आणि लगेच मराठीत सांगतो. पात्रांचा आवाज म्हणजे नुसती गुणगुण असते, शब्द नसतात, त्यामुळे माझा आवाज त्यावर छान बसतो. मॅडलिनचं जे दुसरं रूप आहे, जांभळ्या केसांचं, त्याला लेकीने नाव ठेवलंय 'रुसकी मॅडलिन'.

सहाव्या प्रकरणात दोघी एक होतात तेव्हा लेक म्हणाली, बाबा, ती वाईट नव्हतीच, घाबरलेली होती. मला पुढचा संवाद वाचायला जरा वेळ लागला.

आम्ही असिस्ट मोड लावूनच खेळतो, ७० टक्के वेगावर. स्ट्रॉबेरी मात्र ती सोडत नाही. साध्या लाल १७५ आहेत, आमच्या ९४ झाल्या. शेवटी केक करतात आणि जितक्या स्ट्रॉबेरी तितका तो चांगला होतो असं तिला कुणीतरी सांगितलंय, त्यामुळे आता सुटका नाही.

(जाणकार खात्री करतील का?)

---

कातळकडा

खरं आहे. केक नाही, 'पाय', म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. किती स्ट्रॉबेरी आणल्या त्यावर त्याचं रूप बदलतं. मुलीला सांगा, मी पहिल्यांदा फारच कमी आणल्या होत्या आणि वाईट वाटलं होतं.

---

ओढ्याकाठी

'रुसकी मॅडलिन' हे आता आमच्याकडेही चालू.

---

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. आधी ओंजळताईंना सांगायचंय की तुमचा प्रतिसाद मी मामेभावाला जसाच्या तसा पाठवला. त्याने एक तासाने फोन केला आणि म्हणाला, मी बोललो ते चुकलं.

काल रात्री बसले. काठी सोडून बाणांचं बटण घेतलं. पहिला पाऊण तास काहीच जमेना, तीन झेंडे मागचं सोपं वाटलेलं सुद्धा. मी असिस्ट मोडचं पान उघडलं आणि ठरवलं की आणखी वीस वेळा बघायचं, नाही जमलं तर वेग ९० टक्के करायचा, आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. हे ठरवल्यावर खांदे खाली आले. चार रात्री मी खांदे कानाला लावून खेळत होते हे तेव्हा लक्षात आलं.

मग बिंदुसरांनी सांगितलेला तो थांबा शोधायला लागले. डॅश दाबला की सगळं एक क्षण गोठतं. इतके दिवस तो क्षण मी पाहिलाच नव्हता! मी अंगठा 'वर' आणि 'उजवं' दोन्हीवर ठेवून त्या गोठण्याची वाट बघायला लागले, ते सुटेपर्यंत अंगठा हलवायचा नाही. सातव्या वेळी मॅडलिन तिरकी गेली. भिंतीवर मी घाबरून पकडलं आणि पडले. पुढच्या वेळीही. अकराव्या वेळी पकडलं नाही. उडी, भिंत, उडी, आणि माथ्याच्या कडेला पोचल्यावर बटण. झेंडा फडकला.

वेग कमी करावा लागला नाही. लावला असता तरी हेच लिहिलं असतं.

पुढचे झेंडे काल झाले नाहीत, डोळे मिटत होते. ११ वर सेव्ह करून झोपले.

---

ओंजळ

वाह! ते 'खांदे खाली आले' वाचून माझेही आले. आता सावकाश जा, घाई नाही.

---

बिंदुसरा

अकराव्या वेळी! मस्तच. पुढचे झेंडे याच हाताने होतील. एक दोन ठिकाणी मॅडलिनचं दुसरं रूप तिला हात देऊन वर फेकतं, तिथे घाई करून लगेच डॅश मारू नका, फेक पूर्ण होऊ द्या.

---

जुनापुराणा

रानजाई, अभिनंदन. पहिल्या प्रकरणाच्या सोनेरी स्ट्रॉबेरीवर दोन रात्री घालवल्या, अजून मिळाली नाही. शेवटून दुसऱ्या स्क्रीनवर पडलो आणि थेट पहिल्यावर. हात थरथरत होते. बिंदुसरा, हेच हवं होतं मला, आभार. ओंजळ, मधे मधे मनगटाला विश्रांती घेतोय, तुमचं वाचल्यापासून.

---

रानजाई

धागा वर काढतेय, कारण झालं.

काल रात्री साडेबाराला शून्याचा झेंडा. एकूण मरणं ३,७८९, त्यातली सातव्या प्रकरणाची एकटीची हजाराच्या वर. वर पोचल्यावर गेम काही ढोल-ताशे वाजवत नाही. मॅडलिन बसते, बाजूला तिचं दुसरं रूप बसतं, समोर आकाश. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि त्यांच्याबरोबर बसले. धाकट्याला जाग आली, तो येऊन मांडीवर झोपला, तरी मी पुढचं बटण दाबलं नाही.

सकाळी मामेभावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, आठव्या वर्ल्डला वीज गेली होती ते आठवतं का. त्यालाही आठवतंय! त्याने काल सेलेस्ट विकत घेतला, पहिल्या प्रकरणातच १४० वेळा मेलाय आणि मला विचारतोय की भिंतीवरून उडी कशी मारायची.

आता एक प्रश्न. त्या बी-साइड म्हणतात त्या कशा उघडतात? पहिल्या प्रकरणात कुठेतरी कॅसेट असते असं वाचलं. मला दिसली नाही.

---

कातळकडा

मनापासून अभिनंदन!

हो, खरोखरची ऑडिओ कॅसेट असते. आठ प्रकरणांत आठ कॅसेट लपवल्यात, एक मिळाली की त्या प्रकरणाची बी-साइड उघडते. तेच ठिकाण, तेच संगीत वेगळ्या वळणाचं, आणि अवघडपणा बराच वर. कॅसेट जिथे असते तिथे निळे आणि गुलाबी ठोकळे संगीताच्या तालावर आळीपाळीने येतात-जातात, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कान उघडे ठेवा. पहिल्या प्रकरणात सरळ वाटेने पुढे पळू नका. भिंतीपलीकडे जागा आहे असं जिथे वाटेल तिथे जाऊन बघा. नेमकी जागा सांगू का?

---

रानजाई

नको, सांगू नका. मामेभाऊ शनिवारी येतोय, स्वतःचा कंट्रोलर घेऊन. आम्ही दोघं मिळून शोधू.